तारामासे विरघळत होते तेव्हा खडकांवर कोण मोजत होतं

जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, ऑलिंपिक नॅशनल पार्कच्या किनाऱ्यावरच्या स्टारफिश पॉइंट या खडकाळ जागी नेहमीची पाहणी चालू असताना काही तारामासे आजारी आढळले. अंगावर पांढरे चट्टे होते, बाहू पिळवटलेले होते. तारामाशांना असं काही होतं हे अगदीच नवं नव्हतं. १९८३-८४ आणि १९९७ च्या एल निनोच्या काळात दक्षिण कॅलिफोर्नियात असेच तारामासे मेले होते. पण ते दक्षिणेकडचं कोमट पाणी. वॉशिंग्टनचा समुद्र भर उन्हाळ्यातही थंडगार असतो.

उन्हाळा सरत आला तेव्हा कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या हाउ साउंडमध्ये हौशी डायव्हरना पाण्याखाली याहून मोठं काही दिसलं. सूर्यफूल तारामासे म्हणजे मीटरभर रुंदीचे, वीस-चोवीस बाहूंचे दांडगे शिकारी. ते समुद्रतळावर शेकड्यांनी मरत होते. फोटो काढले गेले, जाणकारांपर्यंत पोचले. त्यानंतर मध्य कॅलिफोर्नियातून बातम्या आल्या, मग दक्षिण कॅलिफोर्नियातून, आणि उत्तर-दक्षिण दोन्हीकडे साथ पसरून झाल्यावर एप्रिल २०१४ मध्ये मधल्या ओरेगॉनमधून. मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत वीसहून अधिक जातींच्या तारामाशांना या झिजण्याच्या रोगाने गाठलं. सी स्टार वेस्टिंग डिसीज या नावाने तो ओळखला जातो.

या प्रकरणाबद्दल बहुतेक वेळा रोगाच्या अंगाने लिहिलं जातं. इथे ते नोंदींच्या अंगाने मांडलं आहे. माझ्या मते यातलं सर्वांत मोलाचं काम रोग येण्याच्या आधीच होऊन गेलं होतं. ज्या वर्षांत काहीच घडत नव्हतं, त्या वर्षांतही माणसं ओहोटी गाठून त्याच खडकांवर गेली होती आणि तेच प्राणी पुन्हा मोजून आली होती. त्या निवांत वर्षांचे कागद नसते, तर २०१४ साली किनाऱ्यावर उभं राहून "इथे पूर्वी पुष्कळ तारामासे असायचे" एवढंच म्हणता आलं असतं.

प्रेत न ठेवणारं मरण

भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला या किनाऱ्यावरचा ओळखीचा प्राणी म्हणजे ऑकर तारामासा, शास्त्रीय नाव पिसॅस्टर ऑक्रेशियस. जांभळा, नारिंगी किंवा तपकिरी, बहुधा पाच बाहूंचा, पाठीवर पांढऱ्या खरखरीत ठिपक्यांची जाळी. ओहोटीला तो खडकाच्या कपारीत किंवा कड्याच्या सावलीत, ओल्या शैवालाखाली, इतका घट्ट चिकटून बसतो की हाताने सहज सुटत नाही.

आजारी तारामासा प्रथम बाहू विचित्र वळवतो, एकावर एक चढवतो. मग हवा गेलेल्या फुग्यासारखा चपटा पडतो, त्याच्या शरीरातला पाण्याचा दाब सुटलेला असतो. त्वचेवर पांढरट जखमा उघडतात आणि त्यातून आतला भाग बाहेर डोकावतो. खडकावरची पकड सैल होते. बाहू गळून पडतात. तुटलेला बाहू काही काळ आपल्या नलिकापादांवर, म्हणजे खालच्या बाजूच्या नळीसारख्या बारीक पायांवर, स्वतंत्रपणे सरकतही राहतो, आणि हे दृश्य पाहिलेल्यांना ते विसरता येत नाही. शेवटी उरतो तो पांढरट लगदा आणि कॅल्शियमचे बारीक कण. पुढची भरती तेही घेऊन जाते.

निरीक्षणाच्या दृष्टीने कळीची अडचण इथे आहे. समुद्रपक्षी मेला तर त्याचा सांगाडा किनाऱ्याला लागतो, देवमासा मेला तर गावभर बोभाटा होतो. तारामासा मात्र काही दिवसांत विरघळून जातो आणि मागे काहीच ठेवत नाही. वर्षातून एकदा किंवा दोनदा येणाऱ्या पथकाला मरण दिसतच नाही, दिसतो तो फक्त रिकामा खडक. आणि रिकामा खडक हा पुरावा तेव्हाच ठरतो, जेव्हा तो पूर्वी रिकामा नव्हता हे कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं.

खडकावर प्रत्यक्षात काय चालतं

या किनाऱ्यावर मरीन नावाचं एक जाळं १९९० च्या दशकापासून काम करतं. विद्यापीठं, सरकारी खाती, आदिवासी समूह आणि स्थानिक संस्था अशा अनेकांनी मिळून ते उभं केलं आहे, आणि सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजायचं हा त्याचा पाया आहे. यातले सगळेच स्वयंसेवक नाहीत. पण भोवतीने स्वयंसेवकांचे स्वतःचे उपक्रम आहेत. ओरेगॉनमध्ये १९९३ पासून कोस्टवॉच नावाच्या उपक्रमात सगळा किनारा एकेक मैलाच्या तुकड्यांत वाटून लोकांनी दत्तक घेतला आहे. कॅलिफोर्नियात लिंपेट्स या कार्यक्रमातून शाळकरी मुलंही खडकांवरच्या चौकटीतले जीव मोजतात. रोगाची बातमी पसरली तेव्हा मरीनने कोणालाही भरता येईल असा नोंदींचा तक्ता खुला केला: कुठे गेलात, कधी, कोणती जात दिसली, आजारी होती की नव्हती, फोटो आहे का.

कायमच्या जागेवरचं काम असं चालतं. खडकात बोल्ट ठोकून, इपॉक्सीने पक्के करून पट्ट्याच्या सीमा कायम केलेल्या असतात. पथक ओहोटीच्या आधीच पोचतं, कारण पाणी उतरत असताना खाली खाली जात मोजायचं असतं आणि पाणी वळलं की निघायचं असतं. समुद्राकडे पाठ करायची नाही हा नियम कोणी मोडत नाही. उन्हाळ्यात मोठ्या उधाणाची ओहोटी भल्या सकाळी लागते, तर हिवाळ्यात तीच अंधार पडल्यावर लागते. मग कपाळावर दिवा बांधून, गुडघ्यांवर बसून, कपारीत मान घालून मोजावं लागतं. एक जण मोजतो, दुसरा लिहितो. प्रत्येक तारामाशाची त्रिज्या, म्हणजे मध्यापासून सर्वांत लांब बाहूच्या टोकापर्यंतचं अंतर, पट्टीने मोजून ठरावीक गटात टाकतात. प्राणी ओढून काढायचा नाही. पट्टी पोचत नसेल तर अंदाज लिहायचा आणि तो अंदाज आहे हेही लिहायचं.

सहा बाहूंचं, बोटाच्या पेराएवढं काही दिसलं तर तो बहुधा लेप्टॅस्टेरियास ही वेगळीच छोटी जात असते. तिला ऑकर तारामाशाचं पिल्लू म्हणून मोजलं की पुढची दहा वर्षं कोणीतरी चुकीच्या आलेखाकडे बघत बसणार. म्हणून बाहू मोजायचे आणि तरीही खात्री नसेल तर "ओळख पटली नाही" असं लिहायचं. मोजणीच्या प्रशिक्षणात या एका वाक्यावर जितका वेळ जावा तितका कमीच आहे, असं मला वाटतं.

आता किनाऱ्याच्या परिस्थितीच्या रकान्यांविषयी. नवखे निरीक्षक ते घाईने भरतात: लाटा किती होत्या, पाणी कुठवर उतरलं, खडकावर वाळू चढली होती का, चिखल, तेलाचा तवंग, तुटून आलेलं शैवाल. या प्रकरणात हे रकाने निर्णायक ठरू शकतात. वाळूचे थर ऋतूप्रमाणे सरकतात. खालच्या खडकांवर हातभर वाळू चढली असेल तर तिथले तारामासे एकतर खाली गाडले गेलेले असतात किंवा वर सरकलेले असतात. लाटा मोठ्या असतील तर सर्वांत खालची कपार तपासताच येत नाही. तिन्ही दिवशी कागदावर "शून्य" येऊ शकतं: वाळूमुळे शून्य, लाटांमुळे शून्य, आणि खरोखर तारामासे नाहीत म्हणून शून्य. पाच-सात वर्षांनी तो आकडा वाचणाऱ्याला यातला फरक फक्त बाजूच्या रकान्यातून कळतो.

खुल्या तक्त्याचा उपयोग वेगळा होता. त्यातल्या नोंदी जिथे रस्ता पोचतो आणि माणसं फिरायला जातात तिथे दाटीने होत्या, आणि दुर्गम किनाऱ्यांवर विरळ. शिवाय लोक साहजिकच आजारी तारामासा दिसला की कळवतात. "आज गेलो होतो, चाळीस तारामासे पाहिले, सगळे धडधाकट" हे कळवायला कोणाला सुचत नाही. त्यामुळे रोग किती टक्के प्राण्यांना झाला हे त्या तक्त्यावरून काढता येत नाही. पण रोग कोणत्या महिन्यात कुठे पोचला, हे दोन ठरावीक पाहण्यांच्या मधल्या काळात फक्त त्याच तक्त्यातून कळू शकत होतं. दोन्ही पद्धती एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

जुन्या नोंदी उघडल्यावर

२०१८ मध्ये मरीनच्या संशोधकांनी ऑकर तारामाशांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध केला. दक्षिण ब्रिटिश कोलंबियापासून सॅन डिएगोपर्यंतच्या ८८ जागा, शिवाय अलास्कात सिट्काजवळच्या दोन, आणि जवळजवळ दोन दशकांच्या नोंदी. २०१४ आणि २०१५ मध्ये ही संख्या या जातीच्या जवळपास सगळ्या प्रदेशात अभूतपूर्व घसरली होती. दक्षिणेत घसरण जास्त, उत्तरेत कमी.

इतकं तर डोळ्यांनाही दिसत होतं. पण या नोंदींनी दोन सोपी उत्तरं अडवली, आणि मला त्यातच या सगळ्या मेहनतीचं चीज दिसतं.

पहिलं उत्तर गर्दीचं. साथ दाटीवाटीच्या वस्तीत जास्त पसरते, म्हणून जिथे तारामासे जास्त होते तिथे जास्त मेले असणार. इतर अनेक रोगांच्या बाबतीत हे खरंही आहे. इथे मात्र आधीची घनता आणि नंतरची घट यांचा संबंध सापडला नाही. ही तपासणी करायला आधीची घनता माहीत असावी लागते. ती साथ आल्यावर मोजता येत नाही.

दुसरं उत्तर तापमानाचं, आणि ते जास्त मोहात पाडणारं होतं. २०१४ ते २०१६ या काळात ईशान्य पॅसिफिकमध्ये समुद्री उष्णतेची मोठी लाट होती. तारामासे मेले, समुद्र तापला होता, हिशेब मिटला, असं म्हणणं किती सोपं होतं. नोंदींनी सांगितलं की रोगाची सुरुवात व्यापक पातळीवर वाढलेल्या तापमानाशी जुळत नाही. पहिले आजारी प्राणी २०१३ मध्येच दिसले होते. पुढे २०१४-१५ च्या उष्ण पाण्याने रोगाची तीव्रता वाढवली असण्याची शक्यता मात्र आहे.

ओरेगॉनचा भाग तर आणखी गुंतागुंतीचा निघाला. ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीच्या ब्रूस मेंगे यांच्या गटाने तिथे दोन दशकं त्याच खडकांवर काम केलेलं होतं. एप्रिल २०१४ मध्ये रोग दिसला, जूनपर्यंत बहुतेक किनाऱ्यावर पसरला. जून ते ऑगस्ट या काळात काही ठिकाणी ९० टक्क्यांपर्यंत प्राण्यांवर लक्षणं होती. सप्टेंबरपर्यंत वेगवेगळ्या जागांवर घनता ५९ ते ८४ टक्क्यांनी खाली आली. आणि रोगाचं प्रमाण तिथे थंड तापमानाबरोबर वाढलेलं दिसलं. नारिंगी तारामाशांत ते जास्त होतं, खडकातल्या डबक्यांत राहणाऱ्यांत जास्त होतं. रंग लिहा, डबक्यात होता की उघड्या खडकावर ते लिहा, असं सांगितलं की मोजणाऱ्याला ते कटकटीचं वाटतं. ते रकाने भरलेले होते म्हणूनच हे निघालं.

पाण्याखालच्या चार पायऱ्या

सूर्यफूल तारामासा बहुतेक पाण्याखाली राहतो. ओहोटीच्या पट्ट्यात मोजणाऱ्यांना तो क्वचितच भेटतो. त्याच्या विनाशाची कथा मुख्यतः डायव्हरांच्या नोंदींतून कळली, आणि त्यातल्या बऱ्याच नोंदी रीफ या संस्थेच्या स्वयंसेवक डायव्हरांच्या आहेत. सुट्टीला पोहायला गेलेली, प्राण्यांची ओळख शिकलेली माणसं.

त्यांची पद्धत फारच ढोबळ आहे. डायव्हर पाण्यात मनमुराद फिरतो आणि प्रत्येक जातीसाठी चारपैकी एक पायरी लिहितो: एकच दिसला, २ ते १०, ११ ते १००, शंभरहून अधिक. पट्टी नाही, चौकट नाही. अशा नोंदींवर नाक मुरडणारे अभ्यासक असतात, आणि सूक्ष्म बदल शोधायचे असतील तर त्यांचं म्हणणं बरोबरही आहे. पाच तारामाशांचे आठ झाले तर ही पद्धत काहीच सांगणार नाही.

पण इथे बदल सूक्ष्म नव्हता. जिथे वर्षानुवर्षं "११ ते १००" लिहिलं जात होतं तिथे "एकच" आलं आणि मग रकाना रिकामा राहिला. ड्र्यू हार्वेल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २००६ ते २०१७ मधल्या उथळ पाण्यातल्या १०,९५६ डायव्हर-पाहण्या आणि खोल समुद्रातल्या ८,९६८ ट्रॉल-पाहण्या (तळाशी जाळं ओढून केलेल्या) एकत्र केल्या होत्या. सुमारे ३,००० किलोमीटरच्या पट्ट्यात घट ८० ते १०० टक्के निघाली. खोल पाण्यातही तारामासे उरले नव्हते, म्हणजे ते उष्णतेपासून पळून खाली गेले असतील ही आशाही संपली. या जातीसाठी मात्र किनाऱ्याजवळची सर्वांत मोठी घट आणि पाण्याचं असामान्य तापमान यांची वेळ जुळत होती. ऑकर तारामाशाबद्दल जे सरसकट म्हणता येत नव्हतं, ते इथे काही अंशी म्हणता आलं. एकाच रोगाचं वर्तन दोन जातींत वेगळं दिसलं, कारण दोन्हींच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवलेल्या होत्या.

डिसेंबर २०२० मध्ये आययूसीएनने, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, सूर्यफूल तारामाशाला अतिसंकटग्रस्त जाहीर केलं. जगभरातली संख्या ९०.६ टक्क्यांनी घटली आणि सुमारे ५७५ कोटी प्राणी गेले असा अंदाज त्यामागे आहे. दहा वर्षांपूर्वी ही जात इतकी सामान्य होती की तिच्यासाठी खास मोजणी सुरू करायची कल्पना कोणी मांडली असती तर पैसा मिळाला नसता. डायव्हर मात्र यादीतलं प्रत्येक नाव भरत होते, म्हणून तिचीही नोंद होत राहिली.

पिल्लांची लाट

२०१४ च्या शरद ऋतूपासून २०१५ च्या वसंतापर्यंत ओरेगॉनच्या खडकांवर नखाएवढी तारामाशांची पिल्लं दिसू लागली. एरवी तिथे पिल्लं फार कमी येतात. या वेळी मात्र जागेनुसार आधीच्या वर्षाच्या ७ पट ते ३०० पट होती. नुसती डोकी मोजली असती तर कित्येक जागी आकडा साथीच्या आधीच्या पातळीला लागला असता किंवा ओलांडूनही गेला असता. "तारामासे परतले" असा मथळा द्यायला तो आकडा पुरेसा होता.

इथे त्रिज्या मोजण्याचा कंटाळवाणा नियम कामी आला. आकारांचे गट वेगळे पाहिले की लगेच दिसतं की मोठे, प्रजननक्षम, मोठे शिंपले फोडणारे प्राणी गेलेच आहेत, आणि त्यांच्या जागी जे आहे ते पोटाला बारीक शिंपलेही जेमतेम पुरवू शकतील असे जीव आहेत. संख्या सावरली तरी वजन सावरलेलं नव्हतं. पुढच्या वर्षांच्या नोंदींत यातली काही पिल्लं वरच्या गटात सरकताना दिसली, म्हणजे जगणारी होती. पण साथीच्या आधीच्या काळापेक्षा त्यांचं जगण्याचं प्रमाण कमी होतं. सौम्य प्रमाणात आजारी प्राणी किनारभर दिसतच राहिले. उत्तरेत पिल्लं जास्त येतात, दक्षिणेत कमी, हे आधीपासूनचं चित्र होतं. म्हणजे सर्वांत मोठा फटका जिथे बसला, तिथेच भरून येण्याची शक्यता सर्वांत कमी होती.

तारामासा गेला की खडक बदलतो

हा प्राणी मोजण्यालाच इतकं महत्त्व का, याचं उत्तर याच किनाऱ्यावर मिळालेलं आहे. १९६३ पासून परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी वॉशिंग्टनमधल्या मकाह बे इथे खडकाच्या एका पट्ट्यावरून ऑकर तारामासे काढून टाकायला सुरुवात केली. शेजारचा पट्टा तसाच ठेवला. तारामासा शिंपल्यांच्या फटीतून आपलं पोट आत सारून त्यांना खातो. तो नसताना शिंपले खाली खाली पसरत गेले आणि त्यांनी जागा बळकावली. १९६६ च्या त्यांच्या निबंधात १५ जातींच्या ८ झाल्याची नोंद आहे. कीस्टोन प्रजाती, म्हणजे जिच्या असण्यावर सगळ्या जीवसमूहाची घडी टिकते अशी जात, ही संकल्पना त्यांनी १९६९ मध्ये मांडली ती यातूनच.

२०१४ नंतर तोच प्रयोग कोणी न मागता हजारो किलोमीटरवर झाला. ओरेगॉनमध्ये शिंपल्यांवरच्या शिकारीचा वेग आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत एकदम खाली आल्याचं मोजलं गेलं. शिंपल्यांच्या गालिच्याची खालची कड कुठे आहे हे अनेक जागी दरवर्षी टिपलं जातं. ती कड आता तारामाशांच्या संख्येइतकीच लक्ष देऊन वाचावी लागते.

पाण्याखाली परिणाम जास्त भीषण झाला. सूर्यफूल तारामासा सी अर्चिन हे शैवाल कुरतडणारे काटेरी गोल प्राणी खातो. उत्तर कॅलिफोर्नियात उष्णतेने केल्प शैवाल आधीच खंगलं होतं. त्यात शिकारी गेला, जांभळ्या सी अर्चिनची संख्या प्रचंड वाढली आणि सुमारे ३५० किलोमीटर किनाऱ्यावरचं केल्पचं जंगल ९० टक्क्यांहून अधिक नाहीसं झालं. केल्पवर जगणारे ॲबलोनी हे मोठे समुद्री गोगलगाईसारखे प्राणी उपाशी मेले, आणि २०१८ मध्ये तिथली लाल ॲबलोनीची हौशी मासेमारी बंद करावी लागली. यातला किती वाटा तारामाशांच्या मरणाचा आणि किती उष्णतेचा, हे वेगळं काढणं अवघड आहे. दोन्ही एकाच वेळी आले.

कारण सापडायला बारा वर्षं

२०१४ मध्ये एका विषाणूवर बोट ठेवलं गेलं होतं. पुढे तोच विषाणू धडधाकट तारामाशांतही सापडला आणि तो संबंध टिकला नाही. मधल्या काळात इतर कल्पना येत-जात राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये मेलनी प्रेंटिस, अलिसा गेहमन आणि सहकाऱ्यांनी व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा या जीवाणूचा एक प्रकार सूर्यफूल तारामाशांच्या रोगाचं कारण असल्याचं दाखवलं. आजारी प्राण्याच्या शरीरपोकळीतला द्रव निरोगी प्राण्याला टोचला की तो आजारी पडायचा. तोच द्रव तापवून टोचला की काही होत नसे. मग त्या द्रवातून वेगळ्या काढलेल्या जीवाणूनेही रोग झाला.

खडकावरच्या कोणत्याही मोजणीतून हे निघालं नसतं, आणि मोजणाऱ्यांकडून तशी अपेक्षा ठेवणं चूक आहे. त्यांच्या तक्त्यात "कारण" असा रकाना नव्हता हे फार बरं झालं. तो असता तर २०१४ मध्ये विषाणू लिहिलं गेलं असतं, २०१५ मध्ये उष्णता, त्याआधी भलतंच काही. तक्त्यात होतं ते असं: बाहू पिळवटलेले, जखम एका बाहूवर, जखमा अनेक बाहूंवर, बाहू गळालेले, पकड सुटलेली. कारणाबद्दलची मतं बदलत गेली तरी ही वर्णनं जशीच्या तशी वापरता येतात. आता जीवाणू हाती आल्यावर जुने प्रश्न नव्याने विचारता येतील. व्हिब्रिओ कुळातले अनेक जीवाणू कोमट पाण्यात जोमाने वाढतात, मग थंड ओरेगॉनमध्ये रोग थंडीबरोबर का वाढला? ऑकर तारामाशांतही हाच जीवाणू आहे का? तारीख, जागा, जात, लक्षण आणि आकार असलेली प्रत्येक जुनी ओळ या प्रश्नांसाठी पुन्हा उघडता येते.

या प्रकरणातली एक उणीव भरून निघण्यासारखी नाही. बातम्या आल्यावर कित्येक किनाऱ्यांवर लोक हिरिरीने मोजायला लागले. त्यांच्या नोंदी पुढच्या काळासाठी अमूल्य आहेत, पण तिथे किती गेलं हे त्या सांगू शकत नाहीत. पहिली मोजणीच साथीच्या मध्यावर झाली. अलास्काच्या मोठ्या भागाबद्दल, आणि मेक्सिकोच्या बाजूलाही, ही पोकळी जास्त आहे.

वॉशिंग्टनमधल्या फ्रायडे हार्बर प्रयोगशाळेत २०१९ पासून सूर्यफूल तारामाशांची पिल्लं वाढवण्याचं काम चालू आहे, आणि ब्रिटिश कोलंबियातल्या काही थंड फ्योर्डांमध्ये, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या अरुंद खोल खाड्यांमध्ये, या जातीचे मोठे प्राणी अजून टिकून असल्याचं आढळलं आहे. त्यामुळे या किनाऱ्यावर मोजणाऱ्यांकडे एक जास्तीचं काम आलं आहे. या जातीचं अगदी लहान पिल्लू पाच बाहूंचं असतं, बाकीचे बाहू नंतर फुटतात. पाच मोठे आणि मधे एक-दोन खुरटे बाहू असलेला छोटा तारामासा दिसला तर त्याला इजा झालेला ऑकर समजून पुढे जायचं नाही. शेजारी पट्टी ठेवून वरून फोटो घ्यायचा, पाण्याची खोली आणि खडकावरची वाळू लिहायची, आणि त्याला तिथेच ठेवायचं.